लपवलेला अर्धा फेरा

खोपट, ठाणे
रविवार, २ नोव्हेंबर १९८६

आबा,

जयभीम. पत्र कामाचं आहे, हे आधीच सांगून टाकते. समोर बोललं की तुम्ही "हो बाळ, बघू" म्हणता आणि दुसऱ्या दिवशी विसरल्याचं सोंग करता. म्हणून काकूनेच सुचवलं, "त्यांना लिहून पाठव. रात्रशाळेत शिकलेला माणूस, पत्राला उत्तर दिल्याशिवाय जेवायचे नाहीत."

टेंभी नाक्याजवळच्या आमच्या नकाशांच्या ऑफिसला तुमच्या पाणी खात्याचं काम मिळालंय. कल्याणच्या तुमच्या भागात जमिनीखाली कुठून कुठे पाइप गेलेत आणि त्यांवर कुठे कुठे व्हॉल्व्ह आहेत, त्याचा नवा नकाशा करायचा आहे. जुना नकाशा खात्याने पाठवला, तो बघून हसावं की रडावं कळेना. त्यात जिथे विहीर दाखवलीय तिथे आता तीन मजली इमारत आहे, आणि निम्मे व्हॉल्व्ह नाहीतच.

एकतीस वर्षं तुम्ही तिथे चावी फिरवताय. मे महिन्यात रिटायर होणार. त्याआधी तुमच्या भागातले व्हॉल्व्ह मला लिहून द्या. कुठे आहे, किती फेऱ्यांत उघडतो, कोणत्या वस्तीला पाणी देतो, एवढंच. सवडीने द्या, पण द्या.

काकूला नमस्कार.

तुमची नीला

*

कल्याण (पूर्व)
१२ नोव्हेंबर १९८६

चि. नीला,

जयभीम. तुझं पत्र मिळालं. अक्षर बापावर गेलंय तुझं, ठसठशीत.

आता कामाचं. नकाशा आहे, बाळ. माझ्या डोक्यात आहे. चौऱ्याऐंशी व्हॉल्व्ह. डोळे बांधून सोड, पायाने चेंबर शोधीन. कोळशाच्या वखारीसमोरचा उलटा फिरतो, बंद करायला गेलं तर उघडतो. दवाखान्यामागचा म्हाताऱ्यासारखा अडून बसतो, त्याला आधी अर्धा फेरा मागे घ्यावा लागतो, मग पुढे. हे कागदावर कसं येणार? गेल्या वीस वर्षांत तीन साहेब वही घेऊन माझ्यामागे फिरले. तिघांना मी चहा पाजला आणि मारुतीचं देऊळ दाखवून परत पाठवलं.

माझी पाळी पहाटे चारला सुरू होते. त्या वेळी साहेब घोरत असतो, कमिशनर घोरत असतो, आणि वीस हजार माणसांचं पाणी माझ्या हातात असतं. हातात चार फुटी लोखंडी चावी घेऊन मी रस्त्याने चाललो की कुत्रीसुद्धा वाट सोडतात. फुशारकी नाही, आहे ते सांगतो. सातवी नापास माणसाला गावात कोण विचारत होतं? आज पाइप फुटला की कार्यकारी अभियंता जीप घेऊन माझ्या चाळीत येतो आणि "चांगदेवराव आहेत का" म्हणून विचारतो. राव म्हणतो तो.

ते सगळं तुझ्या कागदावर उतरवलं तर माझ्याजवळ काय राहिलं? आणि खरं सांग, तुला साहेबाने पाठवलंय का? पुतणीला पुढे केलं की म्हातारा विरघळेल, असा कोणाचा हिशेब असेल तर त्याला माझा नमस्कार सांग.

बाकी ठीक. तुझ्या काकूने, केशरने, तुझ्यासाठी चटणी ठेवलीय, येशील तेव्हा ने.

आबा

*

ठाणे
२३ नोव्हेंबर १९८६

आबा,

तुमचं पत्र वाचून मला राग आला, आणि अजून गेलेला नाही.

मला कोणी पाठवलं नाही. हे काम मी मागून घेतलं. आमच्या ऑफिसात पाच जण नकाशे उतरवतात, त्यात मी एकटी बाई. मला कायम दुसऱ्याने काढलेल्या रेघांवर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा ओढायला देतात. पहिल्यांदाच अख्खा नकाशा माझ्याकडे आलाय. त्याच्या खालच्या कोपऱ्यात "रेखाटन: नीला शिरसाट" असं येणार. तिथे शिरसाट लिहिलंय, आबा. ते आडनाव तुमचंही आहे.

आणि एक ऐका. एका गावची गोष्ट आहे, नाव सांगत नाही. तिथे तुमच्यासारखाच एक चावीवाला होता, सगळं डोक्यात. तो एका दुपारी हार्टने गेला. पुढच्या आठवड्यात मोठी लाइन फुटली. तीन दिवस लोक रस्ता खणत होते, व्हॉल्व्ह कुठे ते कोणाला माहीत नाही. शेवटी सापडला पानाच्या टपरीखाली. तोवर शाळेत गुडघाभर पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही. त्या माणसाला तेव्हा लोकांनी काय म्हटलं असेल, राव?

गेल्या रविवारी काकू बाजारात भेटली. ती म्हणाली, "मोठेपणासाठी लपवणारे नाहीत ते. दुसरंच काहीतरी आहे. मला पण सांगत नाहीत." काय आहे ते?

नीला

*

कल्याण (पूर्व)
८ डिसेंबर १९८६

चि. नीला,

सहा तारखेला दादरला गेलो होतो, त्यामुळे उत्तराला उशीर. रांगेत उभा होतो सहा तास, आणि सहाही तास तुझ्या पत्राचा विचार केला. तिथे उभं राहून खोटं बोलायचा विचार करणं बरं नव्हे. म्हणून आता खरं लिहितो. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

माझ्या लाइनीवर सुरुवातीला बंगल्यांची कॉलनी आहे. खात्याचा हुकूम असा, की कॉलनीचा व्हॉल्व्ह सोळा फेरे उघडायचा. सोळा उघडला की पाणी तिथेच पोट भरून घेतं, आणि लाइनीच्या शेवटी विठ्ठलवाडीच्या बाजूला आपली वस्ती आहे, तिथे नळ नुसता फुसफुसतो. अडुसष्ट साली मी स्वतः बघितलं, एक बाळंतीण बाई रिकामा हंडा घेऊन नळाशी दोन तास बसली होती. दुसऱ्या दिवशी मी सोळाच्या जागी साडेपंधरा फेरे दिले. कोणाला कळलं नाही. मग पंधरा. आता चौदा देतो. अठरा वर्षं झाली.

हेच कारण आहे, बाळ. नकाशात फेरे लिहिले की हा लपवलेला फेरा उघडा पडणार. साहेब म्हणणार, हुकूम सोळाचा आहे, सोळा द्या. मी रिटायर होईन, नवा माणूस कागद बघून सोळा देईल, आणि वस्ती पुन्हा कोरडी. तोंडी असलेली गोष्ट कोणाला पुसता येत नाही. कागदावरची एका शेऱ्यात पुसली जाते.

चोरी म्हण हवं तर. मला त्याची लाज वाटत नाही. माझ्या आयुष्यात अभिमान वाटावा असं जे आहे, त्यात हे पहिलं.

आबा

*

ठाणे
१४ डिसेंबर १९८६

आबा,

पत्र फाडलं नाही. जपून ठेवलंय आणि ठेवणार. तुमची पुतणी असल्याचा मला इतका अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता, हे एकदा लिहून टाकते.

तुमच्या परवानगीशिवाय तो फेरा नकाशावर येणार नाही. शब्द दिला.

पण एक शंका आहे. रागावू नका. मागे काकूकडे राहिले होते तेव्हा तिने सांगितलं होतं, की रेडिओवर सकाळच्या मराठी बातम्या लागल्या की ती हंडा नळाखाली लावते, आणि बातम्या संपतात तेव्हा कुठे हंडा भरतो. म्हणजे दहा मिनिटं. मी विचारलं, पूर्वीपासून असंच का? तर म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून असंच."

आबा, तुम्ही अठरा वर्षं कॉलनीचे दोन फेरे कापताय. मग काकूचा हंडा लवकर का भरत नाही? ते पाणी जातं कुठे?

नीला

*

कल्याण (पूर्व)
१९ जानेवारी १९८७

चि. नीला,

महिनाभर उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील. तुझ्या एका प्रश्नाने माझी झोप उडवली, त्याला मी काय करू?

पहिले आठ दिवस तुझ्यावर चिडून होतो. मग केशरला विचारलं. ती म्हणाली, "पोरगी बरोबर बोलते. एखादा महिना पाणी जोरात येतं, की पुन्हा आपलं जुनंच." मी म्हटलं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस? तर म्हणते, "तुम्ही कधी विचारलंत? तुम्हाला सगळं माहीत असतं ना!" एकतीस वर्षं पाणी सोडलं आणि शेवटच्या नळावर बसून बघितलं नाही कधी. बघणार कसा, मी तेव्हा दुसऱ्या चेंबरवर असतो.

मग डोक्यात आलं, माझ्या कॉलनीनंतर आणि आपल्या वस्तीच्या आधी त्याच लाइनीवर मोरू आहे. खाडीकाठच्या कोळीवाड्याचं पाणी त्याच्या हातात. मध्ये दौलत आहे, चार मजली इमारतींचा. आम्ही तिघं वीस वर्षं एका मुकादमाच्या हाताखाली, एकत्र बिडी ओढतो, पण कोण किती फेरे देतो हे एकमेकांना कधी विचारत नाही. आमच्यात ते विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

काल रविवारी दोघांना जेवायला बोलावलं. केशरने बोंबील केले होते. जेवण झाल्यावर मी चावी मधे ठेवली आणि म्हटलं, मी आधी सांगतो, मग तुम्ही सांगा. आणि माझे दोन फेरे सांगून टाकले. 

मोरू मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "आरं आबा, तू पन? मना वाटला मीच एकटा चोर हाय!" कोळीवाड्याच्या टोकाला त्याच्या बायकोचं माहेर. तिथे पाणी चढेना म्हणून तो हुकुमापेक्षा तीन फेरे जास्त देतो, पंधरा वर्षं. दौलत शेवटी म्हणाला, "माझ्याकडे चौथ्या मजल्यावर एक आजारी मास्तर राहतात, जिना उतरता येत नाही त्यांना. पाणी वर चढावं म्हणून मी पण दीड फेरा वाढवून ठेवलाय."

कळलं का तुला? मी कॉलनीचं पाणी वाचवून पुढे सोडतो. दौलतला जोर आलेला दिसतो, तो थोडं घेतो. उरलेलं मोरू घेतो. माझी वस्ती पुन्हा कोरडी, म्हणून मी आणखी अर्धा फेरा कापतो. मोरूचं पाणी पडतं, म्हणून तो आणखी वाढवतो. पंधरा वर्षं आम्ही तिघं एकमेकांचं पाणी पळवत होतो, आणि तिघंही पंपाला शिव्या देत होतो. तिघंही पुण्यवान समजत होतो स्वतःला. केशर आतून पदर तोंडाला लावून हसत होती ते मला दिसत होतं.

मग जे झालं ते आमच्या खात्यात कधी झालं नाही. आम्ही जमिनीवर खडूने लाइन काढली. मोरू म्हणाला, भरतीला खाडीत जाळी लावतात तेव्हा आधी टोकाची लावतात, तोंडाची नंतर. नाहीतर टोकाला काही पोचत नाही. तसंच पाणी सोडलं तर? कॉलनी अर्धा तास बंद ठेवायची, आधी शेवटची वस्ती, मग कोळीवाडा, मग इमारती, सगळ्यात शेवटी कॉलनी. तिच्याकडे जमिनीखाली टाक्या आहेत, तिला घाई नाही. फेरे कोणाचेच चोरायचे नाहीत. दौलतने वेळा मांडल्या, त्याचं डोकं गणितात चालतं.

आज सकाळी करून बघितलं. शेवटच्या नळावर केशर, कोळीवाड्यात मोरूची शेवंती, इमारतीत मास्तरांची सून, तिघींना रेडिओ लावून हंडा धरायला सांगितलं होतं. केशरचा हंडा बातम्या निम्म्या व्हायच्या आत भरला. तिने दुसरा लावला, तोही भरला. मी नळाशी उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं, केशरच्या समोर आलं, येऊ दे.

लिही आता. सगळं लिही. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी व्हॉल्व्हची माहिती सोबत पाठवतोय. दौलतचे एकावन्न आणि मोरूचे अडतीस ते दोघं सांगतील, तू इकडे ये. आणि लपवलेले फेरेही लिही, आमच्या नावासकट. त्याशिवाय नवी पाळी का हवी, हे कोणाला पटणार नाही.

आबा

*

ठाणे
१ मार्च १९८७

आबा,

पाच रविवार तुमच्या ओट्यावर बसून मी जे शिकले, ते कुठल्या कोर्सला शिकवत नाहीत. मोरूकाका व्हॉल्व्हची जागा सांगायला लागले की दौलतकाका मान हलवायचे, तुम्ही तिसरंच सांगायचात, आणि मग तिघं चपला घालून खरं काय ते बघायला निघायचात. शेवंतीकाकू आणि इतर बायकांच्या हंड्यांच्या वेळा मी नकाशाच्या उजव्या बाजूला स्वतंत्र तक्त्यात घेतल्या आहेत. असा तक्ता पाण्याच्या नकाशात असतो, असं मी तरी पाहिलेलं नाही.

आता जे लपवलं ते सांगते. नकाशा मी मंगळवारीच तुमच्या खात्यात नेला होता. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याबरोबर आला असतात, आणि मला ते नको होतं. धाकट्या साहेबांनी "हुकुमाप्रमाणे फेरे" आणि "प्रत्यक्ष फेरे" हे दोन रकाने वाचले आणि चेहरा लाल झाला. म्हणाले, "ही तर कबुली आहे. तिघांना मेमो जाईल. आणि शिरसाटांच्या रिटायरमेंटला तीन महिने उरलेत, तोवर चौकशी संपायची नाही."  पण मी म्हटलं, साहेब, मेमो काढायच्या आधी एकदा शेवटच्या नळावर उभे राहा. आम्ही सांगतो त्या पाळीने एक दिवस, आणि हुकुमाच्या पाळीने एक दिवस.

त्यांनी नकाशा ठेवून घेतला. मेमो येऊ शकतो. हे माझ्यामुळे झालं.

नीला

*

कल्याण (पूर्व)
९ मार्च १९८७

चि. नीला,

खुळी आहेस. मेमो आला तर काच लावून भिंतीवर टांगीन. आयुष्यभर "साहेब, साहेब" केलं, आणि माझी पुतणी साहेबाला म्हणते, नळावर उभे राहा! मोरूला वाचून दाखवलं, त्याने अख्ख्या कोळीवाड्यात सांगितलं.

ऐक. शनिवारी आणि आज, दोन्ही दिवस साहेब आला. मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं होतं. शनिवारी हुकुमाची पाळी. केशरला विचारलं, "बाई, रोज एवढा वेळ?" ती म्हणाली, "आज लवकर भरतोय, तुम्ही आलात ना म्हणून." आज आपली पाळी. हंडा भरला तेव्हा त्याने नळाला हात लावून बघितला, गंमत म्हणजे स्वतः प्यायला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "चांगदेवराव, हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, साहेब, आम्हालाच जानेवारीत कळलं.

मेमो नाही. महिनाभर आपल्या पाळीने पाणी सोडायचा लेखी हुकूम निघालाय. खाली लिहिलंय, "चावीवाल्यांच्या सूचनेवरून." तिघांनी तो कागद हातात घेऊन बघितला. दौलतने दोनदा वाचला.

आबा

*

कल्याण (पूर्व)
१४ जून १९८७

चि. नीला,

जयभीम. निरोपसमारंभाला तू आलीसच, त्यामुळे हार-नारळाचं लिहीत नाही. त्यानंतरचं सांगतो.

रिटायर झाल्यावर पहिले आठ दिवस पहाटे साडेतीनला आपोआप जाग यायची. चपला पायात घालून दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. केशर बघायची. मग गेल्या रविवारी आमच्या पाणी खात्याच्या चौकीवर गेलो. तिथे भिंतीवर तुझा नकाशा लावलाय, काचेत. त्याच्या कोपऱ्यात आपलं आडनाव. माझ्या जागी आलेला परशुराम नकाशापुढे उभा होता, हातात पेन्सिल. मी म्हटलं, काय रे, काय करतोस? म्हणाला, "आबा, तुमचा दवाखान्यामागचा व्हॉल्व्ह. तुम्ही लिहिलंय आधी अर्धा फेरा मागे घ्यायचा. मी पाव फेरा घेतो, तेवढ्यावर सुटतो. मोरूकाकांनी बघितलं, बरोबर आहे म्हणाले. म्हणून दुरुस्त करतोय."

तुला खरं सांगतो, पहिल्यांदा काळजात चर्र झालं. एकतीस वर्षं मी अर्धाच फेरा मागे घेत होतो, आणि कालचा पोरगा सांगतो पाव. मग त्याच्याबरोबर गेलो दवाखान्यामागे. त्याने पाव घेतला. सुटला. मी स्वतः चावी घेतली, पाव घेतला. सुटला. मी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढे झुकला. लिही म्हटलं, आणि तुझं नाव पण लिही तिथे.

मला वाटत होतं, डोक्यातलं कागदावर गेलं की मी रिकामा होईन. तसं काही झालं नाही, बाळ. उलट माझ्याजवळ होतं त्यापेक्षा जास्त आता त्या भिंतीवर आहे. तुला चांगलं शिकवलं याचं श्रेय तुझ्या बापाला, पण माझी छाती फुगते ती फुगतेच.

आज पहाटे जाग आली नाही. नळाच्या आवाजाने उठलो. पाणी जोरात होतं, पहिल्या हंड्यालाच. पाणी कोणी सोडलं, परशुरामने, मोरूने की दौलतने, मला ठाऊक नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ठाऊक नाही. केशर हंडा उचलताना म्हणाली, "छान आलंय की. आज पाळी कोणाची?"

मी म्हटलं, आमची.

तुझा
आबा